वासाच्या पाण्याची बरणी

मंगळवार, ६ ऑक्टोबर

निलंबनाचा नववा दिवस. आठ दिवस वही उघडली नाही, कारण लिहिण्यासारखं काही केलंच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून होते. भिंतीला खिडकीपासून कपाटापर्यंत एक भेग गेली आहे, ती आता पाठ झाली.

जी बाई इस्पितळाच्या फाटकासमोर खुर्चीवर उभी राहून चारशे माणसांना अर्धा तास खिळवून ठेवते, तिला चार दिवस केस विंचरता येत नाहीत. राग नाही, दुःख नाही. हात वर जात नाहीत, बस.

मी भाषणात असं काय बोलले? बावीस वर्षं नवजात बाळांच्या कक्षात नोकरी केली. एका पाळीला एक परिचारिका आणि काचेच्या पेट्यांत चौदा बाळं, एवढंच सांगितलं. आकडा सांगितला. आकडा म्हणजे शिवी नव्हे. पण वरच्यांना तो शिवीसारखा लागला.

चौकशी २४ नोव्हेंबरला आहे. तोवर त्यांनी पाठवलेला कागद कपाटात पडून राहील. त्यावर दोन ओळी टाइप केलेल्या आहेत : ‘मी जाहीरपणे सांगितलेली आकडेवारी चुकीची होती. त्याबद्दल मी माफी मागते.’ खाली सहीची जागा. सही केली की दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या बाळांपाशी. नाही केली तर काय, ते कागदावर नाही. मेट्रन मात्र फोनवर म्हणाल्या, “चादरींच्या कोठारात जागा रिकामी आहे बरं का.” निवृत्तीला चार वर्षं आहेत. चार वर्षं चादरी मोजायच्या.

दुपारी मामंजींनी दार वाजवलं. माझे सासरे. वय ब्याऐंशी, पंचेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, कान पार गेलेले. बहिऱ्या माणसाचं दार वाजवणं म्हणजे दार फोडणंच.

“सूनबाई, झोपलीस का?”

“नाही, मामंजी.”

“झोपली असलीस तर ऊठ.”

बैठकीच्या खोलीत त्यांचा फिशटँक आहे. त्यात गुरामी नावाचे मासे, एक नर आणि दोन माद्या. अंगभर मोत्यांसारखे ठिपके, म्हणून मोती गुरामी. बारा वर्षं मी त्या टँकवरून फक्त धूळ पुसली आहे. जिवंत प्राणी काचेत कोंडून शोभेला ठेवायचा, हे मला पटत नाही, आणि तसं मी जेवणाच्या टेबलावर अनेकदा सांगितलंही आहे. मामंजींना ऐकू गेलं नाही.

“मला एकदा पिल्लं बघायचीत,” ते म्हणाले. “पण हे बघ.” त्यांनी दोन्ही हात पुढे केले. हात वाऱ्यातल्या पानासारखे थरथरत होते. “या हातांना आता जाळी धरवत नाही. तू माझे हात हो.”

केसाएवढी स्प्रिंग बसवणारे ते हात. हो म्हटलं. मग ते बराच वेळ समजावून सांगत होते : पाणी वीतभरच हवं, ऊब हवी, बरणी, पानं, वास, असं काय काय. माझं लक्ष नव्हतं. मी त्यांचे हात बघत होते.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

काल छोटा टँक मांडला. वीतभर पाणी, हीटर, थर्मामीटर, कोपऱ्यात तरंगणारं थोडं शेवाळ. नर आणि थोरली मादी त्यात सोडली. सकाळी बघते तर नरानं कोपऱ्यात फेसाचं घरटं घातलेलं. वर येतो, तोंडात हवा घेतो, खाली जाऊन बुडबुडा सोडतो. पुन्हा वर. दिवसभर तेच. गळा तांबडालाल झालाय. मादीकडे ढुंकून बघत नाही. आधी घर, मग संसार. अशी पुरुषजात मला इस्पितळात फारशी भेटली नाही.

वाचनालयातून तीन पुस्तकं आणली. त्यात एक चमत्कारिक गोष्ट सापडली. या माशांना पाण्यातल्या हवेवर भागत नाही. अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. जाळी टाकून खाली अडवलं तर ते पाण्यात असून बुडून मरतात. मी मामंजींना ओरडून वाचून दाखवलं.

“मग?” ते म्हणाले. “तुझ्यासारखेच आहेत. तोंड वर काढल्याशिवाय चैन पडत नाही.”

माझं मनगटी घड्याळ आठवडाभर बंद होतं. आज बघते तर चालू. नवऱ्यानं सेल बदलला असावा. विचारलं तर म्हणाला, मी नाही. असो.

सोमवार, १२ ऑक्टोबर

आज अंडी झाली. नर मादीभोवती धनुष्यासारखा वाकला, तिला उलटी केली, आणि दाण्यादाण्यानं अंडी वर तरंगत घरट्यात गेली. असं पंधरा-वीस वेळा. जी खाली सुटली ती त्यानं तोंडानं उचलून घरट्यात ठेवली. बाळंतपणं मी हजारो बघितली आहेत, पण दोन तास स्टुलावरून उठले नाही. पाठ दुखायला लागली तेव्हा कळलं, की आज दिवसभर मी भिंतीकडे बघितलेलं नाही.

मग लगेच मादीला काढावं लागलं. काम झाल्यावर नर तिलाच फाडतो. शेपटीचा तुकडा गेलाच तिचा. आधीचं कौतुक मागे घेते.

जाळी मी धरली. मामंजी शेजारी उभे राहून थरथरत सूचना देत होते. त्यांना रक्त वाढायच्या गोळ्या आणल्या आहेत. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर म्हणाले, “डॉक्टर काय नवे हात देणार आहे?” ते पाण्याजवळ आले की कंप जास्त होतो, हे माझ्या लक्षात आलंय. माझी बाळं किलोभराची. म्हाताऱ्या माणसांचं मला फारसं कळत नाही. नवऱ्याला म्हटलं, बाबांचा कंप वाढलाय. “हो, वाढलाय खरा,” असं म्हणून त्यानं वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

बुधवार, १४ ऑक्टोबर

पिल्लं फुटली. घरट्याखाली लटकलेली, पापणीच्या केसाच्या तुकड्याएवढी. दीडशे तरी असतील.

आता हे माझं क्षेत्र. तक्ता आखला : वेळ, तापमान, पाणी बदललं, आहार, शेरा. टँकला चिकटवला. काचा आतून पुसून घेतल्या. नळीच्या तोंडाला गाळणीचं कापड बांधून तळाचा सगळा गाळ ओढून काढला. बादली वेगळी, पेला वेगळा, सगळं उकळून. मग स्वयंपाकघराकडे वळले, कारण घाण तिथूनच येते. खिडकीत मामंजींची एक बरणी होती, आत कुजलेली पानं आणि हिरवट ढगाळ पाणी. झाकण उघडलं आणि मळमळलं. ओतून दिली. तीनदा साबणानं धुतली.

कामाला लागले की मी मी असते. नवरा बसच्या आगारातून कामावरून आला, टँककडे बघून म्हणाला, “अगं, पाणी आहे ना आत? दिसतच नाही.” याहून मोठी पावती नाही.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

पिल्लं आडवी पोहायला लागली. आजपासून बापाचं काम संपलं. घरट्यातून पडलेलं पिल्लू तोंडानं उचलून परत ठेवायची त्याला सवय लागलेली असते. आता ती पडत नाहीत, पोहतात. पण तो उचलतोच, आणि मग केव्हातरी गिळतो. त्याला हलवला. दिवसभर मोठ्या टँकच्या काचेशी बसून होता.

दुकानातून पिल्लांची भुकटी आणली. दर तीन तासांनी चिमूट. तक्त्यावर खूण. पाणी सकाळ-संध्याकाळ अर्धं बदलते.

मंगळवार, २० ऑक्टोबर

सगळी मेली.

काल थोडी तळाशी दिसली, आज सकाळी एकही हलेना. तक्ता समोर आहे. तापमान बरोबर. पाणी बदललं, खूण. आहार दिला, खूण, खूण, खूण. शेरा : सर्व ठीक. शेवटचा ‘सर्व ठीक’ आज सकाळी सहाचा आहे.

लिहवत नाही.

बुधवार, २१ ऑक्टोबर

मामंजी सकाळी स्वयंपाकघरात गेले आणि परत आले.

“खिडकीतली बरणी कुठाय?”

“ती? धुतली मी. वास मारत होती.”

“काय?”

“धुतली!”

ते खुर्चीवर बसले. “त्यातच त्यांचं जेवण होतं, सूनबाई. कुजल्या पानांच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव होतात. एवढ्याशा तोंडात तेच मावतात. तुझी भुकटी म्हणजे त्यांच्यापुढे दगडधोंडे. मी रोज बघत होतो, तू काहीतरी घालतेयस. वाटलं, बरणीतलंच घालतेयस. आणि गाळावर, काचेवरच्या शेवाळावर जे काय होतं, तेही तू पुसून काढलंस.”

“मला सांगायचं नाही का!”

“सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी.” मग म्हणाले, “तू त्यांना उपाशी मारलंस. पण काय स्वच्छ मारलंस!” आणि खोकला लागेपर्यंत हसले.

मला इतका राग आला, की मीही हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. बहिऱ्या माणसापुढे नळ सोडायची गरज नव्हती, हे नंतर सुचलं.

संध्याकाळी त्यांनी सांगितलं, पहिल्या खेपेला त्यांच्या हातूनही हेच झालं होतं. “घड्याळात धूळ चालत नाही ना. मीही काच पुसून बसलो होतो.” मग बरणी पुढे सरकवली. “पानं आण. आणि आता आठ दिवस वास सहन कर.”

मंगळवार, २७ ऑक्टोबर

बरणी पिकते आहे. बाहेरून आलं की आधी तिचाच वास भेटतो. नवरा म्हणतो, “शेजारी पोलीस बोलावतील.” काल त्यानं तो कागद कपाटातून काढून टेबलावर ठेवला. “दोनच ओळी आहेत,” म्हणाला. “तुला बाळं हवीत ना? मग दोन ओळींनी काय होतंय?” सभांतून मी समानतेवर बोलते आणि घरी याला ‘अहो’ म्हणते. आज ‘अहो’ न म्हणता खोलीतून निघून गेले.

दुकानात धाकट्या मादीसाठी जिवंत खाणं आणायला गेले. दुकानदार भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाला, “ताई, बाबांची कमाल आहे. रविवारी इथंच बसून उघडलं, सुईच्या टोकावर स्क्रू उचलून बसवला. अजून एका सेकंदानं मागे पडत नाही.” गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून दुकानदार काय वाटेल ते बोलतात. मी वाद घातला नाही. वाद घालायची शक्तीही नव्हती.

रविवार, १ नोव्हेंबर

धाकटीची अंडी झाली. नराला या खेपेला घरटं बांधायला चार दिवस लागले. तोही थकला असावा. मी टँक पुसला नाही. तळाशी गाळ आहे, काचेवर हिरवं शेवाळ आहे, आणि मी हात मागे बांधून बसले आहे. बावीस वर्षांच्या सवयीविरुद्ध नुसतं बसून राहणं, याइतकं दमवणारं काम मी दुसरं केलेलं नाही.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

पिल्लं पोहताहेत. नर बाहेर. बरणीतलं पाणी थेंबाथेंबानं सोडते. तक्ता पुन्हा लावला, पण ‘आहार दिला’ खोडून ‘आहार घेतला’ लिहिलं. मामंजींनी मला त्यांचं भिंग दिलं. भिंगातून पोटं दिसतात. भरलेलं पोट म्हणजे एक पांढुरका ठिपका. तो दिसला तरच खूण. म्हणजे दर वेळी अर्धा तास वाकून बसायचं.

मी वाकलेली असताना मामंजींनी चहा आणला, दोन्ही हातांत दोन कप, काठोकाठ भरलेले. बशीत एक थेंबही नव्हता. बिचारे किती जपून चालत आले असतील.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

मुंगी आली होती. माझ्याच कक्षातली, माझ्याच वयाची. उंचीला एवढीशी आणि सतत पळत असते म्हणून मुंगी. सकाळची पाळी संपवून थेट आली, टँकसमोरच्या खुर्चीवर बसली, आणि हातात बिस्किट धरून झोपली. वीस मिनिटांनी दचकून उठली. “वाजली का गं घंटी?”

“कसली घंटी? माझ्या घरी आहेस तू.”

“अगं बाई.” तिनं बिस्किट खाल्लं. “सही कर ना गं. तुझ्या जागी त्यांनी कुणीच दिलेलं नाही. आधी पाळीला एक होती, आता दीड पाळीला एक आहे. मी एकटी सोळा बघते.”

“सोळा? आपण तर चौदा म्हणत होतो.”

“तू चौदा म्हणत होतीस. तेव्हाही सोळाच होती. वऱ्हांड्यात दोन पेट्या लावल्या होत्या, त्या तुझ्या मोजण्यात आल्याच नाहीत. मी सांगणार होते, पण तू खुर्चीवर चढलेली. तुला खाली कोण उतरवणार?”

ती टँकवरचा तक्ता वाचत होती.

“‘घेतला’ म्हणजे?”

“पोटात गेलं तर. नुसतं दिलं म्हणून खूण नाही.”

मुंगी हसली, पण ते हसू नव्हतं. “आपल्याकडे असा तक्ता लावला तर अर्धा कोरा राहील. काल तीनचं दूध मी साडेचारला दिलं. तक्त्यावर तीन. काय करणार? हात दोनच आहेत.” दारातून जाताना म्हणाली, “सही कर. तत्त्वं कुठं पळून जात नाहीत. बाळं जातात.”

तिच्याशी वाद घालता येत नाही. ती बरोबर आहे.

बुधवार, १८ नोव्हेंबर

ठरवलं. सही करणार.

खोटी ओळ आहे, मान्य. पण माझ्या मानापेक्षा सोळा पेट्या जड आहेत. मी आयुष्यभर लोकांना सांगितलं, की झुकू नका. आता झुकायचं ठरवलं आणि पहिल्यांदा नीट झोप लागली. दुपारी दोन तास. यात माझं काय चुकतंय, ते कुणीतरी मला खुर्चीवर चढून सांगावं.

नवऱ्याला सांगितलं. वाटलं, खूश होईल. तो नुसता “बरं” म्हणाला आणि बराच वेळ टँककडे बघत बसला.

सोमवार, २३ नोव्हेंबर

थंडी वाढली. आणि नेमकी आत्ताच वाढायला नको होती. तीन आठवड्यांची पिल्लं कधीही पहिल्यांदा वर येऊन हवा घेतील. आतापर्यंत ती इतर माशांसारखीच होती. आता त्यांच्या डोक्यात हवा घ्यायची जागा तयार झाली आहे. त्या पहिल्या घोटाला पाण्यावरची हवा पाण्याइतकीच उबदार हवी. गार लागली तर एका दिवसात सगळी जातात. म्हणून झाकण घट्ट हवं, आणि आमचं झाकण एका कोपऱ्यात उचकलेलं आहे. चिंधी कोंबून ठेवली आहे.

पहिला श्वास घेणाऱ्या बाळांचा माझा कक्ष आणि हा टँक यांत मला आता फरक करता येत नाही. तिथंही आम्ही दार उघडं ठेवणाऱ्यावर खेकसतो.

उद्या अकराला चौकशी. मामंजी म्हणाले, “तू जा. झाकणापाशी मी बसतो.” “तुमचे हात,” मी म्हटलं. “बसायला हात लागत नाहीत,” ते म्हणाले.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

सगळं क्रमानं लिहायला हवं.

सकाळी उठले तेव्हा दाराच्या हँगरवर दोन जोड होते. एक माझा पांढरा गणवेश, एक साधे कपडे. दोन्हींना कडक इस्त्री. नवरा सकाळीच आगारात निघून गेलेला. बावीस वर्षांत त्यानं इस्त्रीला हात लावल्याचं मला आठवत नाही.

गणवेश चढवला. निघायची घाई होती. टँकपाशी गेले, तक्त्यावर ‘आहार घेतला’ खाली खूण केली, वेळ टाकली, आणि मग बरणी उचलली.

तिथंच थांबले. आधी खूण केली होती. मग बरणी. आणि भिंगाला तर हातच लावलेला नव्हता. माझ्या हातानं हे मला न विचारता केलं. त्याला बावीस वर्षांची सवय आहे.

खूण खोडली. खाणं सोडलं. भिंग घेऊन वाकले. पोटं भरायला चाळीस मिनिटं लागली. मग खरी वेळ लिहिली. मग गणवेश उतरवला आणि साधे कपडे घातले. चौकशीला अर्धा तास उशीर झाला.

खोलीत तिघं : अध्यक्ष, मेट्रन, लिहून घेणारा कारकून. अध्यक्षांनी पेन पुढे केलं. “बाई, दोनच ओळी आहेत.”

“पहिली खरी आहे,” मी म्हटलं. “आकडेवारी चुकीची होती. मी चौदा म्हटलं. सोळा होती. वऱ्हांड्यातल्या दोन मी मोजल्या नाहीत.”

कारकुनाचं पेन थांबलं.

“आणि माफीही मागते. तीनचं दूध मी कधी चारला दिलं, कधी साडेचारला, आणि तक्त्यावर तीनला खूण केली. एकदा नाही. वर्षानुवर्षं. बाकी कुणाचं मला माहीत नाही, मी माझं सांगते. तुमच्याकडच्या त्या तक्त्यांवर सगळं ठीक दिसतं, कारण ते मी भरलेत. दोष एकट्या तुमचा नाही. तुम्हाला ठीक दिसावं, अशी सोय मीच करून दिली.”

“हे तुमच्याच विरुद्ध जाईल,” अध्यक्ष म्हणाले.

“जाऊ दे. लिहून घ्या.”

मी खुर्चीवर बसूनच बोलले. इतक्या हळू आवाजात मी कधी बोललेले नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मेट्रननी चष्मा काढला, पुसला, आणि तो पुन्हा लावायचा विसरून गेल्या. कागदावरच्या दोन ओळींखाली मी माझ्या हातानं सहा ओळी लिहिल्या आणि त्यांच्याखाली सही केली.

परतताना जिन्याच्या पायरीवर बसले. जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. बाळं गेली, एवढंच कळत होतं.

घरी मामंजी स्टुलावर, नाक काचेला लावून. “अकरा वाजून सात मिनिटांनी,” ते ओरडले. बहिरी माणसं आनंदही ओरडून सांगतात. “पहिलं वर आलं! एक घोट घेतला आणि घाबरून खाली पळालं! मग दुसरं. आता बघ.”

मी बघितलं. पाण्याच्या पृष्ठभागावर टिचकी मारल्यासारखे ठिपके उठत होते. इथं एक, तिथं एक. वाकून मोजायला लागले आणि साठाच्या पुढे डोळे भरून आले, म्हणून सोडून दिलं.

झाकणाच्या चारही कडांना चिकटपट्टी लावलेली होती, काडीएवढी बारीक, एकसारखी कापलेली, कुठं सुरकुती नाही. नवऱ्यानं सकाळी लावून ठेवली असणार. मला कशी दिसली नाही कोण जाणे.

सोमवार, ३० नोव्हेंबर

चादरींच्या कोठारात पहिला दिवस. तळघर, दोन दिवे, साबणाचा वास. बदलीच्या पत्राबरोबर ठपक्याचंही पत्र आलं. दोन्ही इथंच वहीत ठेवते.

दुपारी मुंगी जिन्यावरून खाली डोकावली. मला वाटलं, भांडायला आली. म्हणाली, “तुझ्या जागी एक आलीय. तू लिहून दिलंस ना, त्याला उत्तर द्यावं लागलं त्यांना. आणखी एक येणार म्हणतात.”

“येणार म्हणतात?”

“येईपर्यंत मी सोळा म्हणत राहीन.” जाता जाता वळली. “माझे तक्ते काल अर्धे कोरे होते. खऱ्या वेळा टाकल्या.” आणि पळाली.

मी बाळांना बघायला वर गेले नाही. उद्याही जाणार नाही. कधीतरी जाईन. आज लहान दुपटी मोजली. कक्षाला दिवसाला लागतात त्याच्या निम्मीच आहेत, आणि नोंदवहीत पूर्ण दाखवली आहेत. उद्या पुन्हा मोजते. वऱ्हांड्यासकट.

घरी आले तर मामंजी खिडकीत बसून लहान चिमट्यानं कसलंसं घड्याळ उघडून बघत होते. मला बघताच चिमटा खाली ठेवला. पिल्लं आता नखाएवढी झाली आहेत. एकेकाच्या अंगावर पहिला मोती दिसतोय, असं ते म्हणतात. मला अजून दिसत नाही.

त्यांचा कंप बराच उतरलाय. गोळ्यांनी असं म्हणावं, तर डबी उघडली, सगळ्या गोळ्या तशाच आत. न घेता कसा उतरला? डॉक्टरांना विचारायला हवं. सवड झाली की.